कुत्रा गेला, कुत्र्याचं घर राहिलं

तू काय विचारलंस ते आधी इथे लिहून ठेवते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. न्यू जर्सीच्या आत्यानं तुला आणि आजीला जुन्या अमेरिकन कौटुंबिक विनोदी मालिकांची गोडी लावली. 'द ब्रेडी बंच' तुम्ही दोघांनी मिळून संपवली, आता 'आय लव्ह लुसी' चालू आहे. बघता बघता तू चुकांची वही केलीस, तिच्यात इतर आणि आपल्याकडच्या मालिकाही आल्या, आणि ती आता ४१ नोंदींवर गेली आहे. तुला तीन गोष्टी हव्या आहेत: यातल्या खऱ्या चुका किती, सेटवर इतकी माणसं असताना त्या राहतातच कशा, आणि आणखी शोधायच्या तर बघायचं कसं.

मी २३ वर्षं मुंबईत मालिकांच्या सेटवर कंटिन्युइटी लिहिली. मॉनिटरच्या शेजारी मांडीवर वही घेऊन बसलेली बाई दिसते ना, तीच मी. कोणत्या शब्दावर पेला उचलला, कोणत्या हातानं, पदर कुठल्या खांद्यावर, दार उघडं की लोटलेलं, हे प्रत्येक टेकला टिपायचं. शिवाय स्क्रिप्टच्या पानावर उभ्या रेघा ओढायच्या. संवाद बोलणारा माणूस जेवढा कॅमेऱ्यात दिसतो तेवढी रेघ सरळ, त्याचा नुसता आवाज येतो तिथे नागमोडी. एका पानावर अशा सहा-सात रेघा झाल्या की कुठल्या वाक्याला किती अँगल मिळाले आहेत हे एडिटरला पान बघताच कळतं. बडोद्याला, दांडिया बाजारात परत येऊन आता बरीच वर्षं झाली, पण कुणाच्याही घरी चहाला गेले की कप कुठल्या हातात आहे याकडे माझं लक्ष अजून जातं.

तुझी वही मी दोनदा वाचली. नजर चांगली आहे तुझी. पण तू प्रत्येक ठिकाणी फक्त 'काय चुकलं' एवढंच लिहिलं आहेस. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आख आणि त्यात लिही, 'कधी चुकलं'. कागदावर, सेटवर, एडिटिंगच्या टेबलावर, की मालिका तयार होऊन घराबाहेर पडल्यावर? हा रकाना भरायला लागलास की 'राहतात कशा' या प्रश्नाचं उत्तर तुझं तुलाच मिळेल. कारण त्यातल्या बऱ्याच चुका कुणाच्या नजरेतून सुटलेल्याच नाहीत. दिसल्या होत्या, त्यावर बोलणंही झालं होतं, आणि तरी ठेवल्या गेल्या.

तुझ्या वहीतली 'ब्रेडी बंच'बद्दलची १७ नंबरची नोंदच घे: "टायगर कुत्रा दुसऱ्या वर्षानंतर गायब, पण अंगणातलं त्याचं घर तसंच." नोंद बरोबर आहे. पहिल्याच सीझनमध्ये मूळचा कुत्रा गाडीखाली सापडून गेला. दुसरा आणला, पण त्याच्याकडून काम करून घेणं अवघड होतं, म्हणून कथेत गरज असेल तेव्हाच त्याला आणायचं ठरलं, आणि पुढे तोही दिसेनासा झाला. मग त्याचं घर का ठेवलं? थोरल्या मुलाचं, म्हणजे ग्रेगचं काम करणाऱ्या बॅरी विल्यम्सनं सांगितलेली हकिकत अशी: स्टुडिओतला एक दिवा खाली पडला आणि अंगणातलं नकली गवत जळून त्याला भोक पडलं. ते बदलण्याऐवजी कुत्र्याचं घर त्या भोकावर सरकवून ठेवलं. म्हणजे तू चूक म्हणून जे लिहिलंस, ते एका बिघाडावरचं झाकण होतं. सेटवर काम केलेल्या माणसाला यात काहीच नवल वाटणार नाही. भिंतीचा टवका उडाला की तिथे कॅलेंडर येतं, सोफा फाटला की त्यावर शाल येते. पुढे दोनशे भाग ती शाल तिथेच का, असं प्रेक्षक विचारतो. तेव्हा एखादी वस्तू विनाकारण एकाच जागी ठाण मांडून बसलेली दिसली, तर तिच्या मागे किंवा खाली काय असेल याचा विचार कर.

आता ब्रेडी कुटुंबाच्या घराकडे वळू. तू नकाशा काढून पाठवलास आणि लिहिलंस, "जिना डावीकडे वर जातो, पण बाहेरून डावीकडे मजलाच नाही." नकाशा बघून मला फार आनंद झाला, कारण हा दोष शोधायला हातात पेन्सिल लागते. बाहेरून दिसतं ते लॉस एंजेलिसच्या स्टुडिओ सिटी भागातलं कुणाचं तरी खरं घर, आतलं सगळं पॅरामाउंटच्या स्टुडिओत बांधलेला सेट. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. बाहेरून दोन मजले वाटावेत म्हणून चित्रीकरणाच्या वेळी त्या घराच्या दर्शनी बाजूला एक खोटी खिडकी लावली होती. आणि याचा पुरावा बऱ्याच वर्षांनी मिळाला. २०१८ साली एचजीटीव्ही या वाहिनीनं ते घर ३५ लाख डॉलरला विकत घेतलं आणि आतून हुबेहूब मालिकेतल्यासारखं करायला घेतलं. रस्त्यावरून दिसणारं रूप न बदलता आतला सेट त्यात बसवायचा, तर मागच्या बाजूला सुमारे २,००० चौरस फूट बांधकाम वाढवावं लागलं. तुझ्या नकाशातल्या चुकीचं मोजमाप ते आहे.

असे सेट नेहमीच बाहेरच्या घरापेक्षा मोठे असतात. भिंती आणि कोपरे कॅमेऱ्याच्या सोयीनं ठरतात. खोलीची चौथी भिंत नसतेच, किंवा चाकांवर असते आणि गरजेप्रमाणे ओढून आणतात. सोफा भिंतीला टेकलेला का नसतो? कारण मागून माणसं चालत जायला हवीत. आपल्या सुरसागरजवळच्या जुन्या वाड्यांत कुणी मधोमध सोफा ठेवेल का? पण मालिकेतल्या प्रत्येक घरात तो मधोमधच असतो, आणि जेवायच्या टेबलाची एक बाजू रिकामी. ही सगळी कागदावरच, म्हणजे सेटच्या आराखड्यातच ठरलेली तडजोड आहे. तिला चूक म्हणायचं की नाही ते तू ठरव. मी म्हणत नाही.

बाथरूमची नोंदही अशीच. सहा मुलांना एकच बाथरूम, आणि त्यात कमोड दिसत नाही. सेट लावणाऱ्यांची ती विसरभोळी चूक नव्हे. त्या काळात अमेरिकन टीव्हीवर ती वस्तू दाखवणं अशिष्ट समजत. 'ब्रेडी बंच'च्या बारा वर्षं आधी, १९५७ साली, दुसऱ्या एका कौटुंबिक मालिकेत कमोडची नुसती पाण्याची टाकी दाखवायची तरी वाहिनीशी वाद घालावा लागला होता. 'कधी' या रकान्यात इथे तू 'कागदावर' लिही, आणि पुढे 'सेन्सॉरची सवय' अशी टीप घाल.

'ब्रेडी बंच'मधल्या वडिलांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण तुझ्या वहीत सगळ्यात मोठं प्रश्नचिन्ह तिथेच आहे: "शेवटच्या भागात ग्रेग शाळा पास होतो आणि बापच हजर नाही?" वडिलांचं, म्हणजे माइक ब्रेडीचं काम करणारे रॉबर्ट रीड नाटकाच्या शिस्तीत तयार झालेले नट होते. संहितेत तर्काला न पटणारं काही दिसलं की ते निर्माते शेरवूड श्वार्ट्झ यांना लांबलचक टिपणं लिहून पाठवत. एकदा स्वयंपाकघरात स्ट्रॉबेरीचा मुरंबा शिजतो आहे आणि माइकनं आत येऊन वासाचं कौतुक करायचं आहे, असा प्रसंग होता. रीडनी विश्वकोश उघडून बघितला, शिजताना स्ट्रॉबेरीला वास येत नाही असं त्यात लिहिलं होतं, म्हणून त्यांनी ते वाक्य म्हणायला हरकत घेतली. शेवटच्या भागात केसाला लावायच्या औषधानं ग्रेगचे केस नारिंगी होतात. ते त्यांना इतकं अशक्य वाटलं की त्या भागात त्यांनी काम केलंच नाही. ८ मार्च १९७४ ला तो भाग दाखवला गेला, आणि वडील कामासाठी बाहेरगावी गेलेत अशी एका वाक्याची सोय करून घेतली. म्हणजे बघ, चुका होऊ नयेत म्हणून भांडणाऱ्या माणसामुळेच त्या मालिकेतली सगळ्यात ठळक उणीव तयार झाली. मला रीडबद्दल आदर आहे. पण माझं मत विचारशील तर त्यांनी त्या दिवशी यायला हवं होतं. नारिंगी केस प्रेक्षक सहज पचवतो, मुलगा शाळा पास होतो त्या दिवशी बाप नसणं त्याला लागतं. कुठली विसंगती महत्त्वाची आणि कुठली नाही, हे ओळखणं हेच माझ्या कामातलं खरं कसब. ते वहीत लिहिता येत नाही.

आता सेटवर होणाऱ्या चुका. तुझ्या वहीतल्या १४ नोंदी 'वस्तू कटगणिक बदलते' या प्रकारच्या आहेत: पेल्यातलं दूध, काट्यावरचा घास, केसांची बट, उघडं-बंद दप्तर. त्या नीट समजायच्या तर मालिका किती कॅमेऱ्यांवर घेतली हे आधी माहीत हवं. 'ब्रेडी बंच' एका कॅमेऱ्यावर, प्रेक्षकांशिवाय घेतलेली. हशा नंतर यंत्रातून घातलेला. एका कॅमेऱ्याचं काम म्हणजे तोच प्रसंग पुन्हा पुन्हा करायचा. आधी सगळ्यांचा मिळून मास्टर, मग दोघादोघांचे, मग एकेकाचे क्लोज. पेला मास्टरमध्ये भरलेला, क्लोज घेईपर्यंत तीन तास गेलेले. त्यात मुलं. कॅलिफोर्नियाच्या नियमांप्रमाणे शाळकरी कलाकारांची रोज तीन तास शिकवणी सेटवरच व्हायची आणि त्यांचे कामाचे तासही मोजलेले. त्यामुळे मुलांचे क्लोज आधी उरकायचे आणि मुलं वर्गात गेली की मोठ्यांचे घ्यायचे. मोठा नट तेव्हा रिकाम्या खुर्चीकडे किंवा उभ्या केलेल्या दुसऱ्या कुणाकडे बघून बोलत असतो. "आई धाकटीच्या डोक्यावरून बघतेय" अशा तीन नोंदी तुझ्याकडे आहेत. त्यांचं कारण बहुतेक हेच.

केसांच्या रंगाची नोंदही इथेच येते. धाकट्या मुलाचं, बॉबीचं काम करणाऱ्या माइक लुकिनलंडचे मूळ केस लालसर सोनेरी होते, भावांशी जुळावेत म्हणून ते गडद रंगवायचे. आणि पहिल्या भागानंतर दुसऱ्यात मुलं एकदम मोठी वाटतात ही तुझी नोंद तर कॅलेंडरनंच सुटते. पहिला भाग नमुना म्हणून १९६८ च्या ऑक्टोबरात चित्रित झाला, मालिका दिसू लागली १९६९ च्या सप्टेंबरात. मधले महिने मुलं घरी वाढतच होती.

याउलट 'आय लव्ह लुसी'. तिथे पेल्यातलं दूध वरखाली झालेलं तुला फारसं सापडणार नाही, आणि तू आजीला "या लोकांनी काम जास्त काळजीनं केलं" असं सांगितलंस. काळजीचा प्रश्नच नव्हता, पद्धतच वेगळी होती. १९५१ पासून ती मालिका ३५ मिमी फिल्मवर, तीन कॅमेरे एकाच वेळी चालवून, समोर साधारण तीनशे माणसं बसवून घेतली. छायाचित्रणाची ती व्यवस्था कार्ल फ्रॉइंड यांनी लावली. जर्मनीतल्या मूकपटांपासून काम केलेला तो मोठा माणूस. तिन्ही कॅमेऱ्यांत एकच क्षण टिपला जातो, त्यामुळे या कॅमेऱ्यावरून त्या कॅमेऱ्यावर गेलं तरी पेल्यातलं दूध तेवढंच असतं. मग चुका कुठे शोधायच्या? कागदावर. लुसीच्या, म्हणजे रिकार्डो कुटुंबाच्या घराचा क्रमांक ४ए होता, बाळ झाल्यावर घर बदललं म्हणून ३बी झाला, तो पुढे न सांगता ३डी झाला. शेजारीण इथेलच्या मधल्या नावाचीही तीच गत: लुईझ, रॉबर्टा, मे, तिन्ही वेगवेगळ्या भागांत येतात. त्यांचा पत्ता ६२३ ईस्ट ६८वा रस्ता. न्यूयॉर्कचा नकाशा काढलास तर ते घर ईस्ट नदीत येतं. तो पत्ता बहुधा जाणूनबुजूनच असा दिला असावा, कुणा खऱ्या माणसाच्या दारात प्रेक्षक जाऊन उभे राहू नयेत म्हणून. पण नाव आणि क्रमांक हे विसरण्याचेच प्रकार आहेत. १८० भाग. लिहिणाऱ्यांजवळ मागचा भाग थांबवून बघायची सोय नाही आणि घरी बघणाऱ्यांजवळही नाही. व्हिडिओ कॅसेट घराघरांत यायला आणखी पंचवीस वर्षं होती. तू आज अंगठ्यानं मागेपुढे करून जे पकडतोस ते पकडणारा प्रेक्षक तेव्हा जन्मालाच आला नव्हता. हे ध्यानात ठेवून त्यांच्या वाट्याला थोडी माया घाल.

एडिटिंगच्या टेबलावर होणारी चूक मात्र सगळ्यात गैरसमजाची. ती मी माझ्याच अनुभवातून सांगते. एक मराठी कौटुंबिक विनोदी मालिका होती, नाव नको. स्वयंपाकघरातला प्रसंग: सून चहाचा ट्रे घेऊन येते, सासू पहिला कप उचलते, एक घोट घेते आणि साखरेऐवजी मीठ पडलंय हे कळूनही पाहुण्यांसमोर गिळते. मास्टरमध्ये सासूनं कप उजव्या हातानं उचलला. मी लिहिलं: "'घ्या ना' वर कप, उजवा हात, बशी खालीच." क्लोजचे चार टेक झाले. पहिल्या दोनांत सगळं जुळलं, चेहरा मात्र कोरडा. तिसऱ्यात बाईंनी कप डाव्या हातात घेतला, बशीसकट, आणि घोट घेतल्यावर त्यांचा उजवा डोळा किंचित बारीक झाला, हनुवटी एकदा हलली, आणि मग त्या हसल्या. अख्खं युनिट तोंडावर हात धरून उभं होतं. मी दिग्दर्शकांना सांगितलं, "हात जुळत नाही." ते म्हणाले, "चौथा घेऊ." चौथ्यात हात जुळला आणि ते हसू गेलं. टेबलावर तिसराच लागला. मधे पाहुण्याचा एक क्लोज टाकून कटवरची उडी थोडी झाकली, पण नीट बघणाऱ्याला कळतेच. त्या रात्री मला वाईट वाटलं होतं. आज तो भाग पाहिला की एडिटरनं केलं ते बरोबर होतं, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. हात जुळवून हसू घालवलं असतं तर ती खरी चूक झाली असती.

एवढ्यावरून सगळ्या चुका अशा उदात्त असतात असं मात्र समजू नकोस. माझी स्वतःची एक चूक आहे, जिला असं कुठलंच कारण नाही. एका भागात नातवाच्या अंगठ्याला पट्टी होती. अर्धा प्रसंग झाल्यावर आजोबांचं काम करणारे नट संध्याकाळच्या प्रयोगाला गेले, उरलेला पाच दिवसांनी पॅचवर्कमध्ये, म्हणजे राहिलेले तुकडे घेतात तेव्हा, घ्यायचा ठरला. माझ्या वहीत होतं, "पट्टी उजवीकडे." मी लिहिलं ते कॅमेऱ्याच्या उजवीकडे अशा अर्थानं, आणि पाच दिवसांनी वाचलं ते मुलाचा उजवा हात असं समजून. पट्टी दुसऱ्या हाताला बांधली गेली. तसंच प्रक्षेपित झालं. तेव्हापासून मी कधीही नुसतं 'उजवीकडे' लिहिलं नाही. 'मुलाचा उजवा' किंवा 'फ्रेमचा उजवा', असंच. तूही तुझ्या वहीत हे आजपासून पाळ. तुझ्या २९ नंबरच्या नोंदीत हाच घोळ आहे: मी तो कट चार वेळा बघितला, गजरा दोन्ही शॉटमध्ये तिच्या डाव्या बाजूलाच आहे, कॅमेरा मात्र पलीकडे गेलाय.

जुन्या टेपच्या काळात टेबलावरची चूक मागे घेणंही महाग होतं. यू-मॅटिकवर किंवा नंतर बीटाकॅमवर शॉट एकामागून एक नव्या टेपवर उतरवत जायचे. मधला एक शॉट दोन सेकंदांनी लांबवायचा, तर त्याच्या पुढचं सगळं पुन्हा उतरवावं लागायचं, किंवा एक पिढी खाली जाऊन, म्हणजे नकलेची नक्कल काढून, चित्र मळकट करून घ्यावं लागायचं. रात्री दोन वाजता, सकाळी टेप द्यायची असताना, कपाच्या कानासाठी कोणी ते करत नसे. आपल्याकडच्या ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या मालिका बघताना हे लक्षात ठेव.

मालिका घराबाहेर पडल्यावर तयार होणाऱ्या 'चुका' हा प्रकार तू विचारातच घेतला नव्हतास, आणि तुझ्या ४१ पैकी ९ नोंदी त्यातल्या आहेत. जुने डबा टीव्ही चित्राच्या कडा खाऊन टाकत. कॅमेरामन ते धरूनच चौकट लावायचा. कडेला माइकचं टोक किंवा दिव्याचा स्टँड आला तरी तो घरी दिसणार नाही हे त्याला माहीत असायचं. तू तेच चित्र आज सपाट पडद्यावर कडेपर्यंत पाहतोस. काही मालिका तर मूळच्या ४:३ आकारातून १६:९ मध्ये नव्यानं ओढल्या आहेत, त्यात बाजूनं नवं दिसतं आणि वरखालचं कापलं जातं. 'साइनफेल्ड' या अमेरिकन विनोदी मालिकेच्या एका भागाचा विनोदच रस्त्यातल्या खड्ड्यावर आहे, आणि २०२१ मध्ये नव्या आकारात तो भाग आला तेव्हा खड्डाच चौकटीबाहेर गेला. म्हणून माइक दिसला की आधी बघ, तुझ्या हातातली प्रत मूळ आकारातली आहे का. दुसरं, पुनःप्रक्षेपणासाठी जाहिरातींना जागा करायची म्हणून जुन्या भागांतली दोन-तीन मिनिटं कापत. "ती बाहेर गेलीच नाही, तरी बाहेरून येते" ही तुझी नोंद तशी असण्याची दाट शक्यता आहे. आत्याला सांग, तिच्या डीव्हीडीवर तोच भाग किती मिनिटांचा आहे ते बघायला. तुझ्यापेक्षा लांब निघाला तर नोंद खोडून टाक.

आणि ३ नोंदी ठरावाच्या आहेत, चुकांच्या नाहीत. 'बिविच्ड' या अमेरिकन मालिकेत १९६९ साली नवऱ्याचं काम करणारे डिक यॉर्क पाठदुखीमुळे सोडून गेले, डिक सार्जंट आले, आणि कथेत कुणी चकार शब्द काढला नाही. 'हॅपी डेज'मधला थोरला भाऊ चक दुसऱ्या वर्षानंतर नाहीसा झाला तो पुन्हा आलाच नाही. त्याला तू हवं तर चूक म्हण, कारण पुढे बाप दोनच मुलं असल्याचं बोलतो. पण पहिला प्रकार प्रेक्षकाशी केलेला मूक ठराव आहे. आपल्याकडे १९८४ च्या 'ये जो है जिंदगी'मध्ये सतीश शहा दर भागात निराळाच माणूस होऊन येत आणि घरातल्या कुणालाच त्यांचा चेहरा ओळखीचा वाटत नसे. त्या मालिकेची अर्धी मजा त्यातच होती. शरद जोशींच्या लेखणीला आणि शहांच्या अंगाला ते जमलं. त्याची नोंद चुकांच्या वहीत करणं मला अन्यायाचं वाटेल.

आता बघायचं कसं. पहिली फेरी चुका न शोधता, आजीबरोबर, हसत बघ. ज्या ठिकाणी हसता हसता काहीतरी टोचलं तिथली वेळ फक्त लिहून ठेव. दुसऱ्या फेरीत आवाज पूर्ण बंद. संवाद ऐकू येत असले की डोळा बोलणाऱ्याच्या तोंडाकडे ओढला जातो, आणि चूक जवळजवळ नेहमी ऐकणाऱ्याच्या हातात असते. तिसऱ्या फेरीत वस्तूंकडे न बघता कटकडे बघ. कट होण्याच्या आधीचं आणि नंतरचं, एवढी दोनच चित्रं थांबवून शेजारी ठेव. खाणं-पिणं, मेणबत्ती, सिगारेट, भिंतीवरचं घड्याळ, ओले केस, वाचत असलेल्या पुस्तकाचं पान: या गोष्टी आपोआप बदलतात, म्हणून तिथे आधी जा. मंगळसूत्र पदराच्या वर की आत, आणि बाहीची घडी, यात तर मी अजूनही हमखास सापडेल असं सांगते. सगळा भाग झाला की शेवटी कॅलेंडर. भिंतीवर तारखेचं कालनिर्णय दिसत असेल तर महिना लिही आणि पुढच्या भागात सण कुठला साजरा होतोय ते बघ. भाग दाखवण्याचा क्रम आणि चित्रीकरणाचा क्रम वेगळा असला की तो तिथे उघडा पडतो.

सेटवर ही वही लिहिण्याचा अनुभव तुला वाचून येणार नाही, म्हणून रविवारी सकाळी आमच्याकडे ये. येताना आजीला आणि तुझ्या त्या मित्राला घेऊन ये, मोबाइल तुझाच चालेल. आपण घरातलाच एक दीड मिनिटाचा प्रसंग घेऊ: आजी आणि नातू सेवउसळ खाताहेत, आजी बोलता बोलता नातवाच्या ताटलीतली सेव उचलते. आधी दोघांचा एकत्र, मग आजीचा क्लोज, मग तुझा. मित्र वही लिहील. तर्रीची पातळी, पावाचा तुकडा कितवा, आजीचा चमचा कुठल्या शब्दावर वर गेला. दुसऱ्या टेकला सेव मऊ पडलेली असेल, तिसऱ्याला पाव संपलेला असेल, आणि आजी पहिल्या वेळी 'अरे' म्हणाल्या होत्या की 'अगं बाई', यावरून तुमच्यात वाद होईल. खंडेराव मार्केटकडून येशीलच, तेव्हा सेवउसळ पाच प्लेट बांधून आण. उसळ एका डब्यात, तर्री दुसऱ्यात. सेव मात्र वेगळी, कोरडी.